जुने इंजिन चालू करायचे तर आधी जाणता माणूस शोधा

सुरतेहून धुळ्याकडे येताना नवापूर मागे पडले की विसरवाडी लागते आणि पुढे कोंडाईबारीचा घाट सुरू होतो. या रस्त्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत. २०१० साली महामार्गांचे क्रमांक नव्याने ठरले आणि तो ५३ झाला. क्रमांक बदलला तरी घाट तोच आहे. घाट धरण्याआधी गाडी बाजूला घ्यायची, रेडिएटरचे पाणी पाहायचे, ऑईलची पट्टी ओढून बघायची, चहा प्यायचा आणि मग निघायचे, ही जुन्या ड्रायव्हर लोकांची रीत. जिथे गाड्या थांबतात तिथे गॅरेज उभे राहते आणि जिथे गॅरेज असते तिथे हुन्नर वाढतो.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल स्टिअरिंगवर, पान्यावर आणि लेथवर पेटली आहे. कुणाचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, कुणाचा भाऊ क्लीनरचा ड्रायव्हर झाला, कुणाचा मुलगा आज आयटीआयत डिझेल मेकॅनिक शिकतो आहे. पण या कामातली अक्कल कागदावर फारशी उतरत नाही. ती माणसाच्या हातात असते आणि माणसाबरोबर निघून जाते. म्हणून आज थोडे इंजिनाविषयी.

आमच्या घरचेच उदाहरण देतो. आमच्या वडिलांना सारी वस्ती आप्पा म्हणते. त्यांनी उमेदीची वर्षे याच रस्त्यावर टाटाची १२१० चालवली. मालकाने धंदा मोडला तेव्हा आप्पांचा काही महिन्यांचा पगार थकलेला होता. पैसे मिळाले नाहीत, पगाराच्या बदल्यात गाडीचे इंजिन मिळाले. गाडीचे टायर, बॉडी, चेसिस तुकड्यातुकड्याने दुसरीकडे गेले. इंजिन मात्र आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिले. भंगारवाला अधूनमधून येतो आणि किलोचा भाव सांगून जातो. आप्पांचे म्हणणे एकच : माझा पगार किलोवर विकू नका, तो चालू करून दाखवा.

आम्ही दोघे भाऊ, आमची ताई आणि आयटीआयत जाणारा भाचा अशा चौघांनी हे काम हाती घेतले. इंजिन गाडीत बसवायचे नाही. लोखंडी स्टँडवर उभे करून चालवायचे आणि वस्तीतल्या शिकणाऱ्या मुलांना उघडून-जोडून पाहायला ठेवायचे, एवढाच हेतू. ज्यांच्या घरी असे एखादे जुने इंजिन पडून आहे, त्यांना पुढील माहितीचा उपयोग होईल.

इंजिन कोणते ते आधी ओळखा

टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. म्हणून जुने लोक त्या गाडीला 'टाटा-मर्सिडीज' म्हणतात. हा करार १९६९ साली संपला आणि गाडीच्या तोंडावरचा तारा जाऊन तिथे 'टी' आला. २००३ साली टेल्कोचे नाव टाटा मोटर्स झाले. गाडीच्या नावातले आकडेही बोलके असतात. १२१० मधले पहिले दोन आकडे मालासह गाडीचे एकूण वजन, म्हणजे बारा टन, सांगतात आणि पुढचे दोन अश्वशक्तीचा अंदाज देतात. तसेच १६१३ चे.

इंजिनाचा क्रमांक वेगळा असतो. आमचे इंजिन ६९२ आहे. यातला ६ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ म्हणजे सिलिंडरचा व्यास ९२ मिलिमीटर. पिस्टनचा स्ट्रोक १२० मिलिमीटर, म्हणून एकूण घनफळ ४.७८ लिटरच्या आसपास येते. याचा मोठा भाऊ ६९७. त्याचा व्यास ९७ आणि स्ट्रोक १२८ मिलिमीटर. दोन्ही टाटाचीच, दोन्ही सहा सिलिंडरची, पण एकाचा पिस्टन दुसऱ्यात बसत नाही. मर्सिडीजच्या अगदी पहिल्या ३१२ इंजिनाचा व्यास तर ९० मिलिमीटर होता. 'जुन्या टाटाचा पिस्टन द्या' एवढेच दुकानात सांगितले तर भलताच माल गळ्यात पडतो.

हेडचेही तसेच. जुन्या पद्धतीच्या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटते आणि थंडीत चालू करायला हीटर प्लग लागतो. नंतरच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावर पडते. या दोहोंचे हेड, पिस्टन आणि नोझल वेगवेगळे असतात. बाजारात निघण्याआधी ब्लॉकवरचा नंबर तारेच्या ब्रशने घासून वाचा, वहीत लिहा आणि जुना भाग बरोबर न्या.

टाटाशिवाय इतर इंजिनेही अजून कुठे कुठे सापडतात. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले डॉज आणि फार्गो ट्रक, मद्रासचे लेलँड, हिंदुस्थान मोटर्सचे बेडफोर्ड. पर्किन्सचे पी-६ हे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिनही एके काळी पुष्कळ चालले. त्याची मापे इंचात आहेत : व्यास साडेतीन इंच, स्ट्रोक पाच इंच. अशा इंजिनाला मिलिमीटरचे पाने लावले की नटाचे कोपरे मारले जातात. इंची पाने उसने आणा, पण तेच वापरा.

माल कुठे मिळतो

पहिली जागा म्हणजे बंद पडलेली गॅरेजेस. घाटाखालच्या गावांत अशी गॅरेजेस असतात जिथे मिस्त्री थकला आणि मुलगा दुसऱ्या कामाला लागला. त्यांच्या फळीवर जुने रॉकर, टॅपेट, वॉटर पंप, डायनामो, सेल्फ धूळ खात असतात. घरच्या मंडळींना त्याचे नाव माहीत नसते. तिथे नम्रपणे विचारावे, योग्य दाम द्यावा आणि 'हे तर भंगारच आहे' असे कधी म्हणू नये.

दुसरी जागा म्हणजे जुनी स्पेअर पार्टची दुकाने. गाडी बंद झाली तरी न खपलेल्या रिंगा, बेअरिंग, गॅस्केट वरच्या फळीवर पुड्यांत राहतात. दुकानदाराकडे नाव घेऊन जाण्यापेक्षा पुडीवरचा पार्ट नंबर घेऊन जावे.

तिसरी जागा भंगार बाजार. धुळे, मालेगाव, सुरत अशा मोठ्या गावांतले भंगारवाले, मुंबईचे कुर्ला, पुण्याचा बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात अलंगला १९८३ पासून जहाजे तोडतात. तिथून पंप, जनरेटर, चेन पुली, जाड हत्यारे असा माल निघतो. सरकारी खात्यांच्या मोडीत काढलेल्या मालाचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत होतात. त्यात लहान माणसाला एकट्याने बोली लावणे जड जाते, पण माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याशी ओळख ठेवली तर हवा तो भाग निघताना कळतो.

भंगारात दोन भाव असतात हे ध्यानात ठेवा. एक किलोचा आणि एक नगाचा. तुम्ही भागाचे नाव घेतले की तो नगाने विकला जातो. पण भंगारवाल्याला आपली अडचणही असते. ढीग फार दिवस ठेवून त्याला परवडत नाही. बिडाचा ब्लॉक फोडून फौंड्रीकडे जातो, पोलाद भट्टीकडे. कोल्हापूरच्या फौंड्र्या आणि जालन्याच्या सळई कारखान्यांना असा माल रोज लागतो. आज दिसलेला ब्लॉक पुढच्या आठवड्यात वितळलेला असू शकतो. म्हणून भंगारवाल्याशी भांडू नये. हवे त्याचे माप लिहून त्याच्याकडे ठेवावे आणि आले तर कळवा म्हणून सांगावे.

घेताना काय पाहावे

ब्लॉक, क्रँक, कॅमशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, फ्लायव्हील, चेंबर, टायमिंग गिअर हे भाग जुने घ्यायला हरकत नाही, मात्र तपासून. पिस्टन रिंग, बेअरिंग, हेड गॅस्केट, ऑईल सील, रबरी होज हे मात्र नवेच घ्यावेत. घरात पैसा कमी असला की माणूस नेमका उलटा हिशेब करतो. चकाकणारी मोठी वस्तू नवी घेतो आणि आतली रिंग जुनी घालतो. मग सारे इंजिन पुन्हा उघडावे लागते.

क्रँक घेताना तो दोरीने टांगून लहान हातोडीने हलकेच वाजवावा. चांगला क्रँक घंटेसारखा नाद देतो, तडा असेल तर आवाज बद्द येतो. शंका असेल तर रॉकेल लावून पुसून काढावे आणि वर खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आतले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. त्यानंतर टर्नरकडून मायक्रोमीटरने माप घ्यावे. क्रँक आधी किती वेळा घासला आहे हे त्यावरून कळते. आपले मिस्त्री दहा, वीस, तीस म्हणतात ते इंचाच्या हजाराव्या भागाचे माप. दहा म्हणजे पाव मिलिमीटर. शेवटच्या मापापर्यंत घासून झालेला क्रँक फुकट मिळाला तरी तो महागच पडतो, कारण त्याला पुढचे बेअरिंग मिळत नाही.

ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटा गंजल्या आहेत का, बोल्टचे आटे शाबूत आहेत का, बाजूला वेल्डिंगचे ठिगळ आहे का ते पाहावे. सिलिंडर झिजला असेल तर बोअरिंग करून स्लीव्ह बसवता येते आणि मूळ माप परत मिळते. हेडची पातळी सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून तपासावी.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. पावती घ्या. नंबर घासून काढलेला ब्लॉक कितीही स्वस्त मिळाला तरी हात लावू नका. चोरीचा माल समजून-उमजून घेणे हा गुन्हा आहे आणि गरीब माणसाला आपली बाजू मांडायला पावतीशिवाय दुसरा साक्षीदार नसतो.

माल मिळाला, आता माणूस

आमच्या कामात खरी अडचण इथे आली. बेअरिंग मिळाले, गॅस्केटचाही पत्ता लागला, पण इतक्या वर्षांच्या मुक्कामात इंजिन जाम झालेले. आजच्या गॅरेजमधली मुले हुशार आहेत, संगणकाला जोडून नव्या गाडीचा दोष सांगतात. पण या इंजिनाला जोडायला वायरच नाही. ते कानाने आणि बोटाने ओळखावे लागते.

शेवटी आम्हाला एक वयस्क मिस्त्री भेटले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. डोळ्यांना कमी दिसते, पण पाना हातात दिला की नट कितीचा ते बोटाने सांगतात. त्यांनी पहिल्या दिवशी इंजिनाला हातच लावू दिला नाही. सहाही नोझल काढायला लावले, त्या भोकांतून थोडे थोडे डिझेल पिस्टनवर सोडायला सांगितले आणि आठ दिवसांनी येतो म्हणून निघून गेले. आठव्या दिवशी फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार लावून मागे-पुढे, मागे-पुढे असे हलवले. जोर लावायचा नाही, असे त्यांचे सारखे बजावणे. चौथ्या खेपेला फ्लायव्हील चार बोटे सरकले. आप्पा खाटेवर बसून पाहत होते. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी चाचांना जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही.

इंजिन उघडताना चाचांनी शिकवलेली शिस्त सांगण्यासारखी आहे. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी यांची जोडी कधी मोडायची नाही. कारखान्यात दोन्ही एकत्र धरूनच छिद्र केलेले असते. पहिल्याची टोपी तिसऱ्याला लावली की बेअरिंग जळते. प्रत्येक पुश रॉड ज्या जागेचा त्याच जागी जातो. आमच्या ताईने घरातली रिकामी डबडी धुऊन त्यांवर एक ते सहा आकडे लिहिले आणि एकेका सिलिंडरचा माल एकेका डब्यात ठेवला. वहीही तिच्याच हाती. चाचा बोलतात, ती लिहिते. सहा सिलिंडर १-५-३-६-२-४ या क्रमाने पेटतात हेही पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात आहे. भाचा म्हणतो की हेच वर्गात पाठ होत नव्हते, आता झोपेतून उठवून विचारा.

डिझेल पंपाचे काम मात्र घरी करू नये. बंगळूरची मायको कंपनी १९५१ साली सुरू झाली आणि २००८ पासून तिचे नाव बॉश लिमिटेड आहे. जुन्या ट्रकांवर बहुधा मायकोचा पंप सापडतो. त्याच्या प्रत्येक घटकाने सारखे डिझेल सोडले पाहिजे आणि ते मोजायला पंप टेस्ट करणारी मशीन लागते. तेवढे पैसे बाजूला ठेवावेत.

जाणत्या माणसाला त्याचा मोबदला द्यावा, ही आमची कळकळीची विनंती. म्हातारा मिस्त्री आहे, वेळ घालवायला येतो, असे समजून त्याचे ज्ञान फुकट घेऊ नये. आयुष्यभर ज्याने हुन्नर केला त्याच्याकडे बहुतेक वेळा प्रमाणपत्र नसते. केंद्र सरकारची कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली. कामावरच शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची तरतूदही त्या योजनेत आली. आपल्या तरुण मेकॅनिकांनी तिची चौकशी जवळच्या आयटीआयत जरूर करावी. वडिलांच्या पिढीला जे मिळाले नाही ते मुलांनी तरी मिळवावे.

जिवाची काळजी

तीनशे किलोहून जड इंजिन चेन पुलीवर टांगले असताना त्याच्याखाली हात-पाय घालू नये. लहान मुलांना शेडमध्ये येऊ देऊ नये. नोझल तपासताना फवाऱ्यापुढे बोट धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीच्या आत शिरते. वरून टाचणीएवढे भोक दिसते, पण आत बोट सडू शकते. असे झाले तर घरी हळद लावत न बसता तातडीने मोठ्या दवाखान्यात जावे.

जुन्या गॅस्केटमध्ये आणि ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. ती हवेने उडवू नये. ओली करून पुसावी आणि बारीक धूळ अडवणारा मास्क लावावा, साधे फडके पुरत नाही. जळक्या ऑईलचे कपडे घरच्या कपड्यांत, विशेषतः बाळाच्या कपड्यांत, धुऊ नयेत. जळके ऑईल नाल्यात ओतू नये.

पहिल्यांदा इंजिन चालू करताना एक माणूस हवेच्या तोंडाशी लाकडी फळी घेऊन उभा हवा. जुन्या पंपाची दांडी अडकली तर इंजिन 'पळते', म्हणजे वेग वाढतच जातो आणि बंद होत नाही. अशा वेळी हवेचे तोंड फळीने झाकले की ते गुदमरून थांबते. हाताने किंवा कापडाने झाकायला जाऊ नये.

कायद्याचे दोन शब्द

पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देणारा नियम २०२१ साली झाला. तो दुचाकी आणि चारचाकींसाठी आहे आणि अशा गाडीने धंदा करता येत नाही. राजे-रजवाड्यांच्या मोटारींना त्याने मान मिळाला, चांगलेच झाले. पण ज्या सहाचाकी ट्रकने धान्य, सिमेंट आणि कापूस वाहिला त्याच्यासाठी असा मान अजून नाही. त्याची आठवण आपणच ठेवायची.

स्टँडवरच्या इंजिनाला नोंदणी लागत नाही. मात्र कुणी जुने इंजिन गाडीत बसवणार असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि पुस्तकात नोंद हवी. ती नसेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते.

आमचे काम कुठवर आले

क्रँक घासून परत आला आहे, पहिल्याच मापात बसला. सहापैकी दोन स्लीव्ह नव्या बसवाव्या लागतील. पंप टेस्टिंगला दिला आहे. हेडचा एक व्हॉल्व्ह आणि त्याची गाईड अजून मिळालेली नाही. ६९२ चे जुने पार्टबुक कुणाच्या पेटीत पडून असेल तर त्याची झेरॉक्स मिळाली तरी मोठी मदत होईल. पैसे आम्ही भरू.

आणखी एक मागणे आहे. आपल्या गावात, आपल्या वस्तीत असा एखादा निवृत्त फिटर, टर्नर, एसटीचा मेकॅनिक असेल तर त्याच्याजवळ वही-पेन घेऊन एक संध्याकाळ बसा. त्याला विचारा की आवाजावरून दोष कसा ओळखायचा, टॅपेट किती ठेवायचे, कुठला भाग कशाला चालतो. आपल्या घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला ते लिहायला सांगा. आमच्या ताईच्या वहीची ऐंशी पाने भरली आहेत. चाचांनी परवा स्वतःहून दुसरी वही आणून दिली.